भोपी लग्न बघतात

भोपींच्या निरोपसमारंभाचा व्हिडिओ भोपींनीच काढला.

आनंदनगरच्या एमआयडीसीत आमचा रंगांचा कारखाना आहे. मी तिथे अकाउंट्सला, भोपी स्टोअरला. ते निवृत्त झाले तेव्हा कँटीनमध्ये छोटा समारंभ ठेवला होता. मॅनेजर बोलायला उभे राहिले, आणि त्याच क्षणी सत्कारमूर्ती खुर्चीतून उठून समोर गेली ती मोबाइल उंच धरूनच. त्यामुळे व्हिडिओत दिसते ती झेंडूच्या माळा लावलेली एक रिकामी खुर्ची, आणि तिच्याकडे हात करून मॅनेजर सद्गदित आवाजात म्हणताहेत, "असा माणूस पुन्हा होणे नाही." शाल मला मागून जाऊन त्यांच्या खांद्यावर टाकावी लागली. नारळ त्यांनी डाव्या हाताने घेतला, काखेत दाबला आणि मला म्हणाले, "प्रधानसाहेब, जरा बाजूला सरा. बॅनर झाकताय." परक्या माणसाने तो व्हिडिओ बघितला तर आम्ही कुणाची तरी शोकसभा करतोय असंच त्याला वाटेल.

भोपी मूळचे चामटोलीचे. भाऊ, पुतणे, शेती सगळं तिकडे. हे मात्र नोकरीच्या सोयीसाठी बदलापुरात आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात, एकटेच. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमची शेजाराची मैत्री असल्या गोष्टी न विचारण्यावरच टिकलेली आहे.

स्वतःचं लग्न केलं नसलं तरी दुसऱ्याचं एकही लग्न ते सोडत नाहीत. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, मधली सगळी गावं, आमंत्रण आलं की भोपी हजर. सगळ्यांच्या पुढे, फोटोग्राफरच्याही पुढे, मोबाइल धरून. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले की मी मुद्दाम विचारायचो, "काय भोपी, नवरा मुलगा कसा होता?"

"ते बघायला लागंल," भोपी म्हणायचे. "काढून ठेवलंय सगळं. बघू आरामात."

"आणि जेवण?"

"त्याचापण काढलाय."

हे आरामात बघणं कधी झालं असेल असं मला वाटत नाही. कारण ते व्हिडिओ बघण्याच्या लायकीचे नसायचे. भोपींच्या चित्रीकरणात तीन पात्रं कायम असतात: त्यांचं बोट, त्यांचा श्वास आणि त्यांचं धावतं समालोचन. "हां... आला आला... थांब जरा... आला... गेला." कोण आला आणि कुठे गेला ते बोटाआड राहतं. एकदा दहीहंडीला त्यांनी खालच्या थरापासून एकेक थर मन लावून टिपला. हंडी फुटायच्या वेळी त्यांनी चित्र मोठं करायला स्क्रीनवर बोटं फिरवली आणि नेमका लाउडस्पीकर मोठा झाला. आमच्याकडे त्या लाउडस्पीकरचा फार बारकाईने घेतलेला व्हिडिओ आहे. मागून लोक ओरडताहेत, पाणी उडतंय, आणि भोपी म्हणताहेत, "कुठं गेली हंडी?"

गणपती विसर्जनाला तर ते मिरवणुकीच्या पुढे, मूर्तीकडे तोंड करून उलटे चालत होते. नदीच्या घाटावर आम्ही सगळे थांबलो, भोपी थांबले नाहीत. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्यांना कळलं. हात धरून बाहेर काढलं तेव्हाही मोबाइल कोरडा होता. मी सोसायटीत बरेच दिवस सांगत होतो की यंदा गणपतीच्या आधी भोपींचंच विसर्जन झालं असतं.

मी हे हसत सांगायचो. पण घाटावर मला भोपी उलटे चालताना इतके स्पष्ट का दिसले? कारण मीसुद्धा मोबाइल धरूनच उभा होतो, आणि गणपतीऐवजी भोपींना टिपत होतो. आमच्यात फरक एवढाच, की भोपी सगळ्याचं चित्रीकरण करायचे आणि मी म्हणायचो, की मी फक्त महत्त्वाच्या गोष्टींचं करतो. महत्त्वाच्या गोष्टी म्हणजे माझी मुलगी तन्वी. तिच्या शाळेतल्या पहिल्या नाचाला मी पुढच्या रांगेत जागा धरली होती. पडदा उघडला, मी बटण दाबलं, नाच झाला, पुन्हा बटण दाबलं, मोबाइल खिशात घातला. घरी येऊन सगळ्यांना गोळा करून लावला, तेव्हा कळलं की बटण आधीपासूनच दाबलेलं होतं. म्हणजे मी सुरू केलं असं समजून बंद केलं, आणि बंद केलं असं समजून सुरू केलं. तन्वीच्या पहिल्या नाचाचा माझ्याकडचा व्हिडिओ म्हणजे माझ्या खिशातला अंधार, किल्ल्यांची खुळखुळ, आणि बायकोचा आवाज: "नीट आलंय ना हो? बटण दाबलं होतंत ना?" आणि त्यावर माझा, अतिशय आत्मविश्वासाचा: "अगं, म्हणजे काय!"

भोपींना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "आवाज तरी आला ना," म्हणाले.

एकदा त्यांच्या मोबाइलमधली जागा संपली म्हणून मी त्यांना उल्हासनगरला एका ओळखीच्या दुकानदाराकडे घेऊन गेलो. त्याने मोबाइल हातात घेतला, खालीवर बघितला आणि डोक्याला हात लावला. "साईं, ये क्या भरके रखा है? पुराना डिलीट मारो ना थोडा."

"किसका मारू?" भोपी म्हणाले. "सब शादीवाले हैं."

"तो बीस साल बाद देखोगे क्या?"

"देखने का नहीं," भोपी म्हणाले. "लेकिन मारने का भी नहीं."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले, आणि तेवढ्यात माझ्यासाठीही एक मोठं मेमरी कार्ड घेऊन टाकलं.

मग तन्वीचं लग्न ठरलं. मुलगा अनिकेत, अंबरनाथचा, दोघे एकाच ऑफिसात. साखरपुडा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. भोपी अर्थातच पुढे. नंतर फोटोग्राफरने फोटो पाठवले आणि तन्वी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

"बाबा, हे बघ. अंगठी घालतानाचा."

मी बघितलं. अंगठी दिसत होती. अंगठीवर भोपींचं कोपर दिसत होतं.

"भोपींना सांगतो मी," मी म्हणालो.

"भोपीकाकांचं सोड. मागे बघ."

मागे आमची माणसं होती. म्हणजे असावीत. एकाचंही तोंड दिसत नव्हतं. तोंडाच्या जागी सगळ्यांचे मोबाइल होते. आत्या, मावश्या, ऑफिसातले लोक, कुणाकुणाची कपाळं आणि साड्या तेवढ्या ओळखू येत होत्या. आणि अगदी मधोमध, निळ्या कव्हरचा, माझा.

"मी वर बघितलं ना, तेव्हा एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हतं," तन्वी म्हणाली. "लग्नात मोबाइल नकोत. दारात जमा करायचे."

"कल्पना चांगली आहे," मी म्हणालो. "माझा फक्त जवळ ठेवू. समजा काही लागलं तर."

"तुझा आधी जमा."

बातमी नातेवाइकांत पसरली आणि आमच्यावर संकट कोसळल्यासारखे फोन यायला लागले. उल्हासनगरच्या माझ्या मेहुण्याने तर विचारलं, की मग लग्न झालं हे लोकांना कळणार कसं? त्याला गप्प करायला मोबाइल जमा करायच्या टेबलावर त्यालाच बसवायचं ठरवलं. राहता राहिले भोपी. त्यांना सांगायची हिंमत होईना म्हणून मी आठवडाभर जिन्याऐवजी लिफ्टने जात होतो. शेवटी एका सकाळी पार्किंगमध्ये गाठ पडली. मी खूप लांबून सुरुवात केली. आजकालची मुलं, त्यांच्या कल्पना, वगैरे. भोपींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाले. "पोरीची इच्छा." दोन पावलं गेले आणि परत आले. "पन मग मी काय करू तिथं?"

मी मोठ्याने हसलो. "काय करू म्हणजे? लग्न बघा!"

भोपीही हसले. पण थोडं उशिरा, आणि माझ्यापेक्षा लवकर थांबले.

लग्न अंबरनाथच्या एका हॉलमध्ये, दुपारचा मुहूर्त. दारात मेहुणा टेबल टाकून बसला होता. मोबाइल घ्यायचा, कापडी पिशवीत घालायचा आणि देवळाबाहेर चपलांना देतात तसं टोकन द्यायचं. लोक कुरकुरत देत होते. एका आजोबांनी तर पिशवीची गाठ स्वतः मारली, आणि ती नीट बसलीय का हे मेहुण्याकडून पुन्हा तपासून घेतलं. मी यजमान म्हणून सगळ्यांत आधी जमा केला आणि त्याचा मला अभिमान वाटला. तो अभिमान हात खिशात जाईपर्यंत टिकला. हात दर मिनिटाला खिशात जायचा. दोनदा तर मी टोकन बाहेर काढून किती वाजले ते बघितलं.

नवरदेवाकडची मंडळी आली. आगत-स्वागत झालं. हॉलमध्ये एक वेगळाच आवाज होता. जरा वेळाने लक्षात आलं, की लोक एकमेकांशी बोलत होते. दोन चुलत बहिणींचं तर भांडणसुद्धा झालं. सगळं सुरळीत चाललेलं होतं. फक्त भोपी कुठे दिसेनात. पुढे नव्हते, मागे नव्हते, नाश्त्याच्या टेबलापाशी नव्हते. मेहुणा म्हणाला, "सगळ्यांच्या आधी आले, मोबाइल दिला आणि आत गेले."

सापडले ते मागच्या बाजूला, आचाऱ्यांच्या भट्टीजवळ. नवा कोरा जोधपुरी कोट, खिशाला गुलाब, कपाळावर घाम. मठ्ठ्याच्या पिंपाशेजारी उभे होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. पुढे बांधून बघितले, मागे बांधले, मग कोटाच्या खिशात घालायला गेले. नव्या कोटाचे खिसे अजून शिवलेलेच होते.

"भोपी, इथे काय करताय? आत चला."

"नाय, इथं बरं हाय," म्हणाले. "वारा येतो."

दोन्ही बाजूंना भट्ट्या पेटलेल्या होत्या.

"बरं वाटत नाही का?"

"तब्येत चांगली हाय." मग पिंपाचं झाकण नीट बसवलं. "प्रधानसाहेब, आत सगळे जोडीनं बसलेत. नायतर पोराबाळांत. मी गेलो, खुर्चीवर बसलो. बाजूच्या बाई विचारतात, मिसेस नाय आल्या? मी बोललो, नाय. दुसरीकडं जाऊन बसलो, तर तिथले विचारतात, तुम्ही कुनाकडचे? आता कुनाकडचा सांगू? मुलीच्या बापाच्या कंपनीतला, खालच्या मजल्यावरचा?" ते जरा हसले. "हातात मोबाइल असला की असं कोन विचारत नाय. काय तरी काम चाललंय असं वाटतं लोकांना. उलट हाक मारतात. भोपीकाका, आमचा काढा. भोपीकाका, इकडं या. चार शब्द होतात. मी काय व्हिडिओवाला हाय का? पन उभं राहायला जागा मिळते."

इतकी वर्षं मी या माणसाच्या बोटाची आणि श्वासाची नक्कल करून सोसायटीला हसवत होतो. आणि तो काय चित्रित करतो हे सोडून तो तिथे का उभा राहतो हे मी कधी बघितलं नव्हतं. सुचलं नाही की माणूस तोंडाला येईल ते बोलतो. मी म्हणालो, "भोपी, तुम्हाला शोधतायत गुरुजी. अंतरपाट धरायचाय. मुलीकडचा माणूस पाहिजे."

"मी?"

"मग कोण? चला, मुहूर्त टळेल."

खरं म्हणजे अंतरपाट धरायला माझ्या चुलतभावाला महिनाभर आधी सांगितलेलं होतं. तो त्यासाठी पुण्याहून सोवळं घेऊन आला होता. त्याला मी स्टेजच्या पायऱ्यांवर काय सांगितलं ते आता आठवत नाही. त्यालाही ते पटलं नसावं, कारण त्यानंतर त्याने मला फोन केलेला नाही.

स्टेजवर भोपी गुरुजींच्या कानाशी वाकले. कुजबुजत असले तरी मला ऐकू आलं. "गुरुजी, माझं लग्न नाय झालेलं. चालतं ना?"

"तुमचं नाही लावत आहे," गुरुजी म्हणाले. "हात दोन आहेत ना? धरा."

बायको रिवाजाप्रमाणे तुळशीला पाणी घालायला मागे गेली. मुलीच्या आईने मंगलाष्टकं बघायची नसतात असं आमच्याकडे मानतात. मी तन्वीच्या पाठीमागे उभा राहिलो, तिच्या मामाच्या शेजारी. तिथून मला काय दिसत होतं, तर तिचा अंबाडा, त्यावरचा गजरा आणि मुंडावळ्यांची गाठ. अंतरपाटाचं एक टोक गुरुजींच्या मदतनिसाकडे, दुसरं भोपींकडे. भोपी दोन्ही हातांनी ते इतकं घट्ट धरून होते, की जणू पलीकडे नवरदेव नसून पुराचं पाणी होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. भोपी मान वळवत नव्हते, डोळे मिटत नव्हते. नुसते बघत होते.

शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट बाजूला झाला, वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या. आणि माझा हात, मी काही सांगितलेलं नसताना, खिशात गेला. मोबाइल नाही हे बोटांना कळलं, तरी बोटं शोधत राहिली. दुसरा खिसा. परत पहिला. टोकन हाताला लागलं. मी वर बघितलं तेव्हा हार घालून झालेले होते. फोटोग्राफर त्या वेळी अनिकेतला उचलणाऱ्या त्याच्या भावांचे फोटो काढत होता. म्हणजे तन्वीचा तो क्षण माझ्याकडे नाही, फोटोग्राफरकडेही नाही.

पाहुणे जेवून गेले, मग आम्ही दोन्हीकडचे घरचे शेवटी पंगतीला बसलो. भोपींना मी माझ्या शेजारी बसवलं. आता त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. उलट समोरच्या पंगतीतून अनिकेतची आत्या म्हणाली, "तुम्हीच ना अंतरपाट धरलेला? मुलीचे काका?" भोपींनी माझ्याकडे बघितलं. मी भात कालवत म्हणालो, "हो, काकाच." भोपींनी कोटाचं वरचं बटण सोडलं आणि जेवायला सुरुवात केली.

"मग भोपी," मी नेहमीच्या सवयीने विचारलं, "नवरा मुलगा कसा होता?"

मी उत्तराची अपेक्षा केली नव्हती. पण भोपी सांगायला लागले.

"पोरगा घाबरलेला. पाटावर पायाची बोटं नुसती हलवत होता, अशी, वरखाली. अंतरपाटाच्या खालून पोरीला ती दिसत होती. तिला हसू यायला लागलं. ओठ दाबून धरलेन, पन गालात येत होतं. मी बोललो मनात, हसू नको गं बाय, आत्ता नको. मग मंगलाष्टकातलं ते आईचं नि तुळशीचं कडवं आलं, तेव्हा गप झाली. डोळे भरले. पुसायला हात वर करनार, तर हातात हार. तशीच राहिली."

मी जेवायचं थांबलो होतो. पलीकडून बायकोसुद्धा ऐकत होती. तिने तर काहीच बघितलं नव्हतं.

"मग?"

"मग अंतरपाट काढला."

"हो. मग?"

भोपींनी पापड मोडला. तुकडा हातातच धरून बसले.

"हार घालायच्या आधी ना, तिनं मागं वळून बघितलं."

"कुणाकडे?"

"तुमच्याकडं."

वाजंत्रीवाले बाहेर सामान बांधत होते. ताशाची काडी कुठेतरी पडली.

"मी खिशात..." मी म्हणालो.

"हां. तुम्ही खाली बघत होतात." भोपी घाईघाईने म्हणाले, "पन काय झालं नाय. मी होतो ना तिथंच, बाजूला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, अशी. म्हनजे, हाय गं तुझा बाबा, तुझ्या मागंच हाय. मग हसली ती. चांगली हसली. मग घातलान हार."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. मी ताटाकडे बघत राहिलो. कोशिंबीर, बटाट्याची भाजी, वरण, सगळं एकात एक मिसळायला लागलं. वाढपी समोर येऊन थांबला, माझ्या तोंडाकडे बघायला लागला. शेजारचे दोन-तीन जणही वळून बघायला लागले.

भोपी माझ्या आणि त्यांच्या मध्ये जरासे पुढे सरकले.

"इकडं मठ्ठा आन रे," त्यांनी वाढप्याला सांगितलं. "साहेबांना तिखट लागलंय."